मदत हवी आहे: तीन वर्षांचं कॅम्पेन, पात्र मेलं, रविवारी सेशन आहे

घाटवाट: मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट चालवणारा. गेल्या सेशनला आमची बार्ड (गाणारी जादूगारीण) तारका मेली. तीन वर्षं चाललेलं पात्र. खेळणारी मैत्रीण तेव्हापासून ग्रुपवर गप्प आहे. तिला परत कसं आणू? रविवारच्या आत सांगा, प्लीज. "नवीन पात्र बनवा" एवढंच सांगायचं असेल तर नको.

चिंचोका: सेव्ह फाइलचा बॅकअप आहे का? माझा असाच गेम उडाला होता. जुनं फोल्डर कॉपी करून ठेवलेलं, तेच परत टाकलं आणि चालू झालं.

रातराणी: चिंचोका, हा कॉम्प्युटरवरचा गेम नाही हो. टेबलाभोवती बसून फाशांनी खेळतात तो, डंजन्स अँड ड्रॅगन्स.
घाटवाट, आवृत्ती कुठली? लेव्हल किती? क्लेरिक, म्हणजे मंत्राने बरं करणारा पुजारी, आहे का? मरून किती दिवस झाले, गोष्टीतले?

घाटवाट: पाचवी, 2014 चे नियम. लेव्हल आठ. क्लेरिकवाला दीड वर्षापूर्वी बदली होऊन बेंगळुरूला गेला. आता फायटर, रोग (चोर) आणि विझर्ड (जादूगार) उरलेत. गोष्टीत अजून तोच क्षण चालू आहे. देऊळ बारा दिवसांच्या वाटेवर.

रातराणी: मग रिव्हिव्हिफाय, म्हणजे मेल्यावर लगेच उठवायचा मंत्र, गेला. तो एका मिनिटाच्या आत करावा लागतो आणि करणारं तुमच्यात कुणी नाही. देवळात रेझ डेड (मेलेल्याला उठवायचा दुसरा मंत्र) होईल, 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागेल. त्याची मुदत दहा दिवस आणि तुमची वाट बारा दिवसांची, पण विझर्डकडे जेंटल रिपोज (प्रेत टिकवायचा मंत्र) असेल तर ते दिवस मोजले जात नाहीत. चिमूटभर मीठ आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. आमच्या फायटरचं प्रेत आम्ही असंच खेचरावर घालून नेलं होतं, तीन सेशन. नाणी पडू नयेत म्हणून रोगने आपला रुमाल बांधला होता डोळ्यांवर. आमच्या कॅम्पेनमधला सगळ्यात चांगला प्रवास तोच.

जुना फासा: मला हे पटत नाही. मेला तो मेला. मी अमेरिकेत शिकत असताना दुसरी आवृत्ती खेळायचो. परत आणायचं तरी काँस्टिट्यूशनवरून, म्हणजे पात्राच्या काटकपणाच्या आकड्यावरून, टक्केवारी फेकावी लागे. चुकली की कायमचा गेला, आणि जगला तरी काँस्टिट्यूशन एकाने कमी. म्हणून आम्ही दार उघडतानासुद्धा दहा वेळा विचार करायचो. मरणाला किंमत नसेल तर तीन वर्षं जगवलं त्यालाही किंमत नाही.

रातराणी: काका, रेझ डेडमध्येही किंमत आहे. उठल्यावर हल्ला, सेव्ह, चेक, सगळ्या फाशांत उणे चार, आणि दर लाँग रेस्टला एकेक कमी होतं.

जुना फासा: चार रात्री झोपून भरून निघणाऱ्या नुकसानीला मी किंमत म्हणत नाही.

नाक्यावरचा: मध्येच विचारतो, पुण्यात धातूचे फासे कुठे मिळतील?

मावळी: ती मेली कशी, ते कुणी विचारतच नाहीये. घाटवाट, आकडे सांगा.

घाटवाट: पुलाच्या पलीकडच्या टोकाला जीव शून्यावर येऊन ती बेशुद्ध पडली. डेथ सेव्ह, म्हणजे जगण्या-मरण्याचे फासे: दोन पास, एक फेल. मग शत्रूकडच्या हॉबगोब्लिन राक्षसाने बाण मारला. बेशुद्धावर लागलेला हल्ला क्रिटिकल (जबर घाव), म्हणजे दोन फेल. एकूण तीन, म्हणजे मेली.

मावळी: हॉबगोब्लिन किती लांब होता? आणि क्रिटिकल ठरवणारा वीस पडला होता का?

घाटवाट: चाळीस फूट. 14 पडला होता.

मावळी: मग ती मेलेली नाही. आपोआप क्रिटिकल होतो तो हल्ला करणारा पाच फुटांच्या आत असेल तरच. चाळीस फुटांवरून 14 म्हणजे साधा हल्ला, एकच फेल. दोन पास, दोन फेल. पुढचा फासा तिचा.

घाटवाट: आत्ता पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर आहे तुमचं. तीन वर्षं मी हा नियम असाच चालवतोय.

जुना फासा: टेबलावर झालं ते झालं. पंधरा दिवसांनी निकाल फिरवला तर पुढच्या प्रत्येक मरणावर अपील येईल.

मावळी: काका, निकाल फिरवायचा नाहीये, राहिलेला फासा टाकायचा आहे. 10 किंवा वर पडला तर तिसरा पास, स्थिर. 9 किंवा खाली पडला तर मेली. मरण तुम्ही म्हणता तसंच खरं राहतं.

रातराणी: पण तिला काय हवंय? घाटवाट, तुम्ही तिच्याशी बोललात का?

घाटवाट: नाही. आधी उपाय शोधून मग बोलावं म्हटलं.

रातराणी: आज फोन करा. मेसेज नको.

घाटवाट: बोललो. तासभर. चूक माझी होती, हे आधी सांगितलं. तारका मेली याचा तिला राग नव्हताच. ती गेली आणि दोन मिनिटांत आम्ही पिझ्झाचे पैसे वाटत होतो, शेवटची बस पकडायची म्हणून उठलो, ते तिला लागलं होतं. रेझ डेड नको म्हणाली. फासा स्वतः टाकणार, सगळ्यांसमोर, आणि 9 किंवा खाली आला तर त्या रात्री दुसरं काही खेळायचं नाही, पुलावरच थांबायचं. मी हो म्हटलं. विझर्डला तरीही मीठ आणि नाणी तयार ठेवायला सांगू का?

रातराणी: नको. तिने नको म्हटलंय.

जुना फासा: फासा काय पडला ते इथे कळवा.