पेडल परत वर आलं म्हणजे ब्रेक ठीक झाले का?

शुक्रवार, सोसायटीचा ग्रुप

सी-५०३ (रात्री ९:१२): जरा विचारायचं होतं. काल महाबळेश्वरहून परत आलो. पसरणी घाट उतरताना ब्रेकचं पेडल अचानक मऊ पडलं आणि पार तळाला टेकलं. गाडीत आई, बायको, दोन्ही मुलं. गिअर दुसऱ्यावर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत कशीबशी कडेला उभी केली. पाऊण तास थांबलो तर पेडल परत घट्ट! वाईत एका गॅरेजमध्ये दाखवली. पॅड चांगले आहेत, गळती नाही, बिनधास्त जा म्हणाला. आज ऑफिसलाही नेली, ब्रेक व्यवस्थित लागतायत. पण आई म्हणते, मी आता या गाडीत बसणार नाही. काय झालं असेल?

डी-३०१: अरे देवा. सगळे सुखरूप ना रे?

सी-५०३: हो काकू. आईने मात्र घाबरून काल जेवण घेतलं नाही.

बी-६०१: गरम झाले असणार. घाटात होतं असं. थंड झाले की ठीक होतात.

ए-१०२ (९:३१): सी-५०३, उद्या ती गाडी बाहेर काढू नकोस. आईंचं बरोबर आहे.

सी-५०३: काका, पण आता पेडल नीट आहे.

ए-१०२: तेच तर सांगतोय. ब्रेक ऑइल गळून पेडल खाली गेलं असतं तर ते आपोआप परत वर आलं नसतं. तुझं थंड झाल्यावर वर आलं, म्हणजे आत ऑइल उकळलं होतं. वाईपर्यंत पोचलास तेव्हा सगळं निवलं होतं, त्यामुळे त्या गॅरेजवाल्याला बघायला काही उरलंच नव्हतं. ऑइल शेवटचं कधी बदललं होतंस?

सी-५०३: गाडी २०१७ ची आहे. कमी झालं की सर्व्हिसिंगला वरून टाकतात. बदललेलं आठवत नाही.

ए-१०२: बिलं काढून बघ. तोवर मी लिहितो. मला टाइप करायला वेळ लागतो, मध्ये कुणी 'गुड नाइट' टाकू नका.

ए-१०२ (९:५८): ब्रेक ऑइल म्हणतो आपण, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. उघड्या बरणीत मीठ ओलं होतं ना, तसं. रबरी होजमधून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं थोडं थोडं बाष्प आत जातं. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, ती ऑइलची प्रत. डॉट ४ कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. तू घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरलास, कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणारा भाग, तापला, आतल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबलं तर दबत नाही, वाफ दबते. मग तुझ्या पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो, पॅडपर्यंत पोचतच नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. बसचे ब्रेक हवेवर चालतात, तिथे टाकीत हवा भरली नाही तर आम्ही गाडी डेपोबाहेर सोडत नसू. कारमध्ये नेमकं उलटं, थेंबभर हवासुद्धा नको. विभागाच्या जीपा माझ्याकडे असायच्या, त्यांचं ऑइल मी पावसाळा संपला की बदलून घेत असे.

सी-५०३ (१०:२०): बिलं बघितली काका. आठ वर्षांत एकदाही बदललेलं नाही. 'टॉप अप' तीनदा आहे.

ए-१०२: वरून टाकून जुनं ऑइल नवं होत नाही. चाकाजवळचं जुनंच ऑइल तिथेच बसून राहतं आणि तापतं तेच. शिवाय पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप खाली येते. म्हणून कमी दिसलं की आधी पॅड बघायचे, गळती बघायची, मग बाटली हातात घ्यायची. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दोन वर्षांनी बदला असं असतं. तुझं पुस्तक बघ.

बी-६०१: ब्लिडिंग, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढणं, आपण इथेच करू शकतो की. मी बघितलंय कसं करतात. पाना, पारदर्शक नळी, एक बाटली, आणि पेडल दाबायला एक माणूस. रविवारी पार्किंगमध्ये तासाभरात होईल.

सचिव: पार्किंगमध्ये नको. मागच्या वर्षी कुणीतरी असंच काम केलं आणि शेजारच्या गाडीच्या बॉनेटवरचा रंग फुगून निघाला. अजून तो वाद मिटलेला नाही.

ए-१०२: सचिव, रंग निघतोच. ब्रेक ऑइल सांडलं की कोरड्या फडक्याने पुसायचं नसतं, पुसलं की पसरतं. लगेच भरपूर पाणी ओतायचं, ते पाण्यात विरघळतं. दोन मिनिटांत धुतलं असतं तर बॉनेट वाचलं असतं. आणि बी-६०१, तुझा हुरूप चांगला आहे, पण पहिली वेळ आठ वर्षं जुन्या गाडीवर नको. ऑइल बाहेर सोडायचे चाकाजवळचे छोटे स्क्रू, निपल, गंजून बसलेले असतात, जोर लावला की तुटतात. मग नवा कॅलिपर.

बी-६०१: काका, मी माझ्या गाडीचंच करणार होतो. २०२१ ची आहे.

ए-१०२: तुझीत एबीएस आहे, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या कारमध्ये आलं. टाकी रिकामी होऊ दिली नाहीस तर नुसतं ऑइल बदलणं नेहमीसारखंच. पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर अनेक गाड्यांना स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. तेव्हा आधी बघ, मग हात घाल.

बी-६०१: बरं काका.

सचिव (१०:४१): ब्रेक ऑइलवरून आठवलं. पंपरूमच्या फळीवर एक पाण्याची बाटली आहे, त्यात चहाच्या रंगाचं काहीतरी भरलंय. मागच्या वर्षीचंच असणार. फेकायचं राहून गेलंय.

ए-१०२: पंपरूममध्ये? पाण्याची टाकी धुवायची ब्लीचिंग पावडर कुठे असते?

सचिव: त्याच फळीवर.

ए-१०२: आत्ता जा आणि ती बाटली बाहेर काढा. सकाळी नाही, आत्ता. ब्रेक ऑइल आणि ब्लीचिंगसारखं क्लोरीनचं रसायन एकत्र आलं तर काडी न लावता आग लागू शकते. पोहण्याच्या तलावात टाकतात ती तीव्र पावडर असेल तर थोड्याच वेळात धूर आणि भडका. आपली पावडर सौम्य असेल, तरी मी तो भरवसा ठेवणार नाही.

सचिव: निघालो.

बी-२०४ डॉक्टर ताई (१०:४९): आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणं हाच मोठा धोका आहे. खाली मुलं खेळतात, रंग सरबतासारखा, ग्लायकॉलची चव गोडसर लागू शकते. पोटात गेलं तर मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, आणि सुरुवातीला मूल बरं दिसतं म्हणून आपण गाफील राहतो. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी काढायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट हॉस्पिटल. डोळ्यात उडालं तर नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, चोळायचा नाही, मग डॉक्टरांकडे. कुत्र्यामांजरांनाही हे विषच आहे.

डी-३०१: ताई, मी सगळ्या आयांना पाठवते हे.

सचिव (११:०५): बाटली काढली. झाकण सैल होतं आणि फळीवर ओघळ आला होता. पावडरीचं पोतं दुसऱ्या टोकाला होतं, तिथपर्यंत पोचलं नव्हतं. फळी धुतली. आता हे टाकू कुठे? गटारात नको ना?

ए-१०२: गटारात नको, मातीतही नको. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, वर मोठ्या अक्षरात 'ब्रेक ऑइल – विष' लिहा, आणि मेकॅनिककडे द्या. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका.

शनिवार

सी-५०३ (सकाळी १०:१५): काका, आमच्या ओळखीचा मेकॅनिक रविवारी नऊ वाजता इथेच येतोय. गाडी जागची हलवली नाही. तुम्ही खाली उभे राहाल का?

ए-१०२: येतो. सचिव, व्हिजिटर पार्किंगचा सपाट भाग द्या, शेजारी गाडी नको, पाण्याचा पाइप जोडून ठेवा. मेकॅनिकला सांग, डॉट ४ ची सीलबंद बाटली आण, एक लिटर. अर्धी वापरून ठेवलेली नको, ती कपाटात बसूनही पाणी पिते. जॅकवर भरवसा ठेवून कुणी गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लागतील. बी-६०१, तू पेडलवर बस.

बी-६०१: नक्की! काय करायचं सांगून ठेवा.

ए-१०२: दोनच शब्द. मेकॅनिक 'दाब' म्हणाला की हळू, पूर्ण दाबायचं आणि धरून ठेवायचं. तो निपल पाव फेरा उघडेल, पेडल तुझ्या पायाखाली आपोआप बसेल. तो निपल बंद करून 'सोड' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. आधी उचललास तर चाकातून हवा आत ओढली जाईल आणि सगळं पहिल्यापासून. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवू. मास्टर सिलेंडर म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर देणारा भाग. तो जुना झाला की त्याच्या खालच्या भागात गंज असतो, पेडल रोज जात नाही तितकं खोल नेलं तर सील फाटतं.

सी-५०३: कोणतं चाक आधी?

ए-१०२: साधारण मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं. आपलं स्टीअरिंग उजवीकडे, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, पुस्तक बघून घे. दर चार-पाच दाबांनंतर कुणीतरी टाकीकडे बघायचं. पातळी 'मिन'च्या (किमान) खुणेखाली गेली की वरूनही हवा शिरते. ते काम तू कर.

बी-२०४ डॉक्टर ताई: हातमोजे आणि चष्मे मी पाठवते. दवाखान्यातले आहेत.

रविवार

सी-५०३ (दुपारी १२:३८): झालं. मागच्या डाव्या चाकातून आलेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं. पुढच्या दोन्ही चाकांत गढूळ. नळीतून स्वच्छ, पिवळसर, बुडबुड्याशिवाय येईपर्यंत चालू ठेवलं. जवळजवळ पाऊण लिटर लागलं. मागचं उजवं निपल हलेना, रस्ट स्प्रे मारून वीस मिनिटं थांबलो, मग सुटलं. पुढचे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते नवे घातले.

बी-६०१: एकदा माझा पाय लवकर उचलला गेला. काकांनी ते चाक परत करायला लावलं.

ए-१०२: तू स्वतःहून सांगितलंस म्हणून कळलं. लपवलं असतंस तर हवा राहिली असती.

सचिव: बंपरवर थोडं उडालं होतं, लगेच धुतलं. रंगाला काही झालं नाही. पंपरूमची ती बाटलीही मेकॅनिक घेऊन गेला.

ए-१०२: सी-५०३, गाडी चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धर, हळूहळू खाली जातंय का बघ. मग कंपाउंडमध्ये चालण्याच्या वेगाने चार वेळा थांबव. हात हँडब्रेकवर. पुढच्या वेळी घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास साधारण त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेक सारखा घासत ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा.

सी-५०३ (१:०५): दाबून धरलं. जागचं हललं नाही. कंपाउंडला चार फेऱ्या मारल्या.

सी-५०३ (१:०६): पाचव्या फेरीला आई मागच्या सीटवर येऊन बसली.