माजी सैनिक संघटनेच्या महिला आघाडीत नाव गेलंय, नेमकं काम काय असतं?

सातारची_सून
नमस्कार. सासरे मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. त्यांनी परस्पर माझं नाव तालुक्याच्या संघटनेत दिलं, मला डायरेक्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनच दिसलं 😄 वर्गणी भरली, २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला स्मारकावर जाऊन आले, फोटो झाले, चहा झाला. पण पुढे काय? मी नोकरीला पुण्यात, गावी फक्त शनिवार-रविवार. नुसतं नावाला राहायचं नाहीये.

निवृत्त_सुभेदार
जय हिंद ताई. स्मारकावर उभं राहणं पण कामच आहे, कमी समजू नका, आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे जिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. पण खरं काम कागदाचं. घरोघर जाऊन डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) मागा आणि बायकोचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. दहातल्या निम्म्या घरात जुळत नाही, बुकात सुमन, आधारवर सुमनबाई, बँकेत अजून माहेरचं आडनाव. माणूस हयात आहे तोवर दुरुस्ती सोपी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला. तो गेल्यावर हेच सगळं म्हातारीने एकटीने निस्तरायचं.

कोरेगावची_काकू
सुभेदार साहेब बरोबर बोलले. आमचे हे गेले तेव्हा हार घेऊन बरेच आले, पण एक बाई पिशवीत झेरॉक्स घेऊन आली, तिच्यामुळे माझं निभावलं. ती म्हणाली आधी मृत्यूची खबर पेन्शनवाल्यांना द्या, नाहीतर ह्यांची पेन्शन खात्यात पडत राहते, तुम्ही खर्च करता आणि मग वसुली लागते. अजून एक, फॅमिली पेन्शन सुरुवातीला वाढीव दराने मिळते, ७ वर्षं किंवा नवरा ६७ चा झाला असता तोवर, जे आधी होईल ते, नंतर कमी होते. हे कुणी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते, पेन्शन कापली म्हणून. आणि बाईशी बोलायचं तर तिच्याशीच बोला, दिराशी नाही. मी अशी घरं बघितलीत जिथं पेन्शन बाईची आणि एटीएम कार्ड दिराच्या खिशात. तिथं भांडायचं नाही, बाईला सोबत घेऊन बँकेत जायचं, बस.

खटावचा_गडी
सगळं खरं पण एक सावध करतो. आमच्याकडे संघटना दोन, निवडणूक आली की दोन्ही जाग्या होतात आणि महिला आघाडीला खुर्च्या भरायला बोलावतात. दुसरं, पावतीपुस्तक हातात घेऊ नका. ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी सरकारी असतो, तो सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो, संघटनेची वर्गणी वेगळी. लोक दोन्ही एकच समजून पैसे देतात आणि नंतर बोल तुम्हाला लागतो.

सातारची_सून
थँक्यू सगळ्यांना 🙏 पुण्यात बसून काय करता येईल?

निवृत्त_सुभेदार
भरपूर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, पण आमच्या म्हाताऱ्यांना ते जमत नाही, शनिवारी गावी आलात की चावडीवर बसा, रांग लागेल बघा. तसंच माजी सैनिकांच्या मुलांची पीएम स्कॉलरशिप, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साईटवर फॉर्म भरायचा, मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५००. इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सच्या पहिल्या वर्षालाच भरता येतो, बारावीला किमान ६०% लागतात, आणि ऑफिसरच्या मुलांना सहसा नसते, जवान-जेसीओंच्या (नायब सुभेदार, सुभेदार वगैरेंच्या) मुलांना असते. पोरं दुसऱ्या वर्षाला गेल्यावर विचारायला येतात, तोवर गाडी सुटलेली असते. जूनमध्येच ग्रुपवर टाकत जा.

सातारची_सून
आत्ताच सासऱ्यांना फोन करून बुक काढायला लावलं. सासूबाईंची जन्मतारीख बुकात १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि वर्षात पण ४ चा फरक 🤦‍♀️ सासरे म्हणतात राहू दे, कोण बघतंय.

कोरेगावची_काकू
८० नंतर पेन्शन वयावर वाढते बाई, तेव्हा सगळे बघतात. शाळेचा दाखला आहे का त्यांचा?

सातारची_सून
शाळा दुसरीपर्यंत, वाईजवळच्या गावात. या रविवारी जाऊन विचारते.