मदत हवी आहे: थायलंडला व्हिसा नको, पण मधे अंगकोर करायचं आहे. नऊच दिवस उरलेत

सुदामानगर_मुक्ता
नमस्कार. आम्ही सहा जण इंदूरहून थायलंडला निघतोय. आठ दिवसांची सहल, तिकिटं काढून झाली. भारतीयांना व्हिसा लागत नाही म्हणून निवांत होते. आता बाबा म्हणतात, एवढं जवळ जातोय तर कंबोडियातलं अंगकोरचं जुनं देऊळ बघायचंच. बँकॉकहून बसने जाऊन तीन दिवसांत परत येता येईल ना? परत थायलंडमध्ये शिरताना अडवतात का? एजंट रोज ‘उद्या सांगतो’ म्हणतो. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी कृपया लवकर लिहा.

पलासिया_भिया
ताई, सहा जण म्हणजे कोण कोण? वयं? पासपोर्टची मुदत? परतीचं तिकीट कोणत्या विमानतळावरून? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सुदामानगर_मुक्ता
आई-बाबा, मी, हे, आमची मुलगी आणि भाचा. पासपोर्ट सगळ्यांकडे आहेत हो. प्रश्न बसचा आहे.

निवृत्त_पोस्टमास्तर
बसचा विचार आजच सोडा. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात सीमेवर लढाई झाली, जमिनीवरची नाकी बंद झाली, डिसेंबरात पुन्हा गोळे उडाले. वयस्कर माणसांना घेऊन त्या रस्त्याला जाऊ नये. विमानाने सिएम रीपला जा, अंगकोर त्याच गावाजवळ आहे. तिथला नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झालाय, गावापासून बराच लांब आहे, गाडी आधी ठरवून ठेवा.

मांडवप्रेमी
माझं ऐकाल का? इथून शंभर किलोमीटरवर मांडव (मांडू) आहे. भाचा बाहेरचा असेल तर आधी त्याला जहाज महाल दाखवा. परदेशी पाहुण्याला तिकीट ३०० रुपये, आपल्याला २५, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असेल तर आपल्याच दराने. लोक हे न विचारताच जास्त पैसे भरून येतात.

पलासिया_भिया
काका, मांडव कोणी विचारलंय? पण एक बरं झालं, भाच्याचा मुद्दा निघाला. ताई, भाचा कुठला?

सुदामानगर_मुक्ता
माझ्या बहिणीचा मुलगा, तेरा वर्षांचा. जन्म तिकडचा, अमेरिकन पासपोर्ट. थायलंड त्यालाही व्हिसा मागत नाही, मी बघितलंय.

बँकॉक_चार_वेळा
थायलंडचा प्रश्नच नाही. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवसांची सूट दिली. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी थाई दूतावासाचं पान पुन्हा बघा. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा. मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, उतरण्याआधीच्या तीन दिवसांत. फुकट आहे, पैसे मागणारी साइट बनावट समजा. कंबोडियाहून परत थायलंडमध्ये शिराल तेव्हा ते पुन्हा भरायचं. हे बहुतेक जण विसरतात आणि रांगेत मोबाइल काढून बसतात.

सिएमरीप_करून_आलो
कंबोडियाला मात्र व्हिसा लागतो, भारतीय आणि अमेरिकन दोघांनाही. उतरल्यावर मिळतो, ३० डॉलर. शिवाय त्यांचं ई-अरायव्हल कार्ड आधीच्या सात दिवसांत भरायचं. नोटा कोऱ्या न्या, फाटकी नोट तिथे कोणी घेत नाही.

बँकॉक_चार_वेळा
उतरल्यावर कशाला? ई-व्हिसा काढून जा. आजी-आजोबा खिडकीसमोर उभे राहणार का?

सिएमरीप_करून_आलो
मी स्वतः उभा राहिलो, फार वेळ गेला नाही. ई-व्हिसात नावाचं एक अक्षर चुकलं तर पैसे गेले.

बँकॉक_चार_वेळा
मग नाव नीट लिहावं! नऊ दिवस आहेत, ई-व्हिसा तीन कामकाजाच्या दिवसांत येतो. आणि मुक्ताताई, बँकॉकला विमानतळ दोन आहेत, डॉन मुआंग आणि सुवर्णभूमी. सिएम रीपची स्वस्त विमानं डॉन मुआंगला उतरतात आणि तुमचं परतीचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून असू शकतं. मधे तीन-चार तास तरी ठेवा.

अयुथ्याकर
मी म्हणतो, अंगकोरचा हट्टच का? अयुथ्या बँकॉकपासून ८० किलोमीटर, रेल्वेने जाता येतं. नाव आपल्या अयोध्येवरून. १३५१ मध्ये वसलेली राजधानी, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. तिथल्या ‘वाट महाथात’ नावाच्या देवळात झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक बघा, फोटो घेताना खाली बसायचं, त्या मस्तकाच्या वर आपलं डोकं नको. एका दिवसात होतं, डॉलर वाचतात, व्हिसाही नको.

सुदामानगर_मुक्ता
अयुथ्याही करणार आहोत. पण बाबांनी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अंगकोरच्या समुद्रमंथनाचं कात्रण त्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं आहे, मी दुसरीत होते तेव्हापासून. आता गुडघे दुखतात. पुढच्या वर्षी जमेल असं मला वाटत नाही. म्हणून हट्ट.

सिएमरीप_करून_आलो
मग न्याच त्यांना. अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, सलग फिरायची सक्ती नाही, गुडघ्यांसाठी तोच घ्या. मंथनाचं शिल्प पूर्वेच्या बाहेरच्या ओवरीत आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब. त्यासाठी ‘बाकान’ म्हणतात त्या सगळ्यात वरच्या मजल्याचे खडे जिने चढावे लागत नाहीत. पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आणि लंकेचं युद्ध. सकाळी लवकर जा, खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. बाबांना हेही सांगा की १९८६ ते १९९३ तिथे दुरुस्तीचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय.

निवृत्त_पोस्टमास्तर
सगळे तिकडच्या व्हिसाचं बोलताहेत. तो मुलगा भारतात परत कसा शिरणार? त्याच्याकडे ओसीआय आहे की व्हिसा?

सुदामानगर_मुक्ता
ओसीआय काढायचं राहिलंय. तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा आहे. दोनदा प्रवेश लिहिलंय, म्हणजे परत येता येईल ना?

निवृत्त_पोस्टमास्तर
येईल. पण तीस दिवस पहिल्यांदा उतरला त्या दिवसापासून मोजतात आणि ते वाढवून मिळत नाहीत. तो कधी आला आणि अमेरिकेला कधी जाणार?

सुदामानगर_मुक्ता
आला त्याला दहा दिवस झाले. आम्ही परततो तो अठ्ठाविसावा दिवस. त्याचं अमेरिकेचं विमान छत्तिसाव्या दिवशी. माझ्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला वाटलं होतं, परत आला की नवे तीस दिवस सुरू होतात. आता हातपाय गार पडलेत.

पलासिया_भिया
घाबरू नका ताई, अजून वेळ आहे. अमेरिकेचं तिकीट आजच पुढे आणायला सांगा. आणि मूल आई-वडिलांशिवाय जातंय, दोघांच्या सहीचं संमतीपत्र सोबत ठेवा.

मांडवप्रेमी
तो मांडवला येणार असेल तर पावसाळ्यातच आणा.

सुदामानगर_मुक्ता
काल रात्री ताईशी बोलले. त्याचं विमान एकोणतिसाव्या दिवसावर आणलं, आम्ही परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आईला फार लागलंय, तिने त्याच्यासाठी त्या आठवड्याची कायकाय आखणी केली होती. संमतीपत्र येतंय. सिएम रीपची विमानं जाऊन-येऊन घेतली, परतताना मधे पाच तास आहेत. सहाही ई-व्हिसा भरले, नावं दोनदा ताडून. बाबांचा पासपोर्ट काढून बघितला, अजून चौदा महिने आहेत.

सिएमरीप_करून_आलो
आले का व्हिसा?

सुदामानगर_मुक्ता
पाच आले. बाबांच्या फोटोत चष्म्यावर उजेड पडला होता, तो परत मागितला. आज बिनचष्म्याचा काढून पाठवला.

सुदामानगर_मुक्ता
बाबांचाही आला. पोस्टमास्तर काका, तुम्ही विचारलं नसतं तर आमच्या लक्षातच आलं नसतं. बाबांनी कात्रण कपाटातून काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय.