मदत हवी आहे: फोमच्या छोट्या विमानासाठी मोटर-बॅटरी कोणती?

नमस्कार मंडळी. भाचीसोबत फोमशीटचं ९० सेंमी पंखांचं रेडिओ कंट्रोल विमान बांधतोय. नुसता सांगाडा २२० ग्रॅम भरला. उडवणार फोंड्याजवळच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर). दुपारनंतर तिथे समुद्राकडचा वारा जोर धरतो, म्हणून ताकद थोडी हातची राखून हवी.

२२०५ आकाराची, २३०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला इतके फेरे) मोटर ६ इंची प्रोपेलरला घ्यावी, की २२१२, १००० केव्ही मोठ्या प्रोपेलरला? दुसरी सावकाश उड्डाणाला बरी वाटते, पण जवळपास दुप्पट जड. ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) पुरेल ना? बॅटरी थ्री-एस (तीन सेलची), १००० एमएएच क्षमतेची धरलीय; तीच पुढे सरकवून तोल साधेन. ९ ग्रॅमचे सर्वो (विमानाची वळवायची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटर) प्लास्टिक गिअरचे चालतील?

आणि खाऱ्या हवेत कनेक्टर गंजू नयेत म्हणून तुम्ही काय करता, ते जरूर सांगा.