पर्यायी ऑपरेटिंग सिस्टीमला पैसे मोजावेत का आणि तिच्यावर विसंबावे का?

मूळ लेखन : कर्वेनगरकर

गेली काही वर्षे माझ्या फोनवर कंपनीने घालून दिलेली ऑपरेटिंग सिस्टीम नाही. सुरुवात सेलफिशपासून झाली. नोकियात मीगो या फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेल्या काही मंडळींनी २०११ मध्ये फिनलंडमध्ये योल्ला ही कंपनी काढली आणि सेलफिश तिथे वाढली. २०१७ पासून सोनीच्या काही ठरावीक फोनवर ती विकत घेऊन घालता येऊ लागली. परवाना ४९.९० युरोंना होता. फुकट आवृत्तीही मिळत असे, पण तिच्यात अँड्रॉइडची ॲप चालत नसत. परवाना तेव्हा भारतात विकला जात नसल्याने जर्मनीतल्या भाच्याने तो आणि फोन दोन्ही तिकडेच घेतले आणि दिवाळीला येताना आणून दिले. आता मी गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली, सुरक्षिततेवर भर देणारी प्रणाली वापरतो. ती फुकट मिळते, तरीही मी त्या प्रकल्पाला दर वर्षी देणगी देतो.

पैसे का द्यायचे, असे मला अनेकांनी विचारले. माझे उत्तर असे आहे की अँड्रॉइडसाठीही आपण किंमत मोजतोच, फक्त ती पावतीवर दिसत नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल, तर गूगलची ॲप गठ्ठ्याने घालावी लागत, आणि नेमक्या अशाच अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या, पण दंड कायम ठेवला. ज्या वस्तूचे पैसे मी स्वतः देतो, तिच्याबद्दल जाब विचारण्याचा हक्क मला राहतो. मंडईत पैसे देणारा माणूस भाजी निवडून घेतो, तेवढीच माझी अपेक्षा आहे.

विसंबण्याचा प्रश्न मात्र यंदा मार्चमध्ये माझ्यासमोर वेगळ्या रीतीने उभा राहिला. वडिलांची महिन्याची औषधे घ्यायला मी दुकानात गेलो होतो. बिल १,८४० रुपयांचे झाले होते आणि खिशात तीनशे होते. माझ्या बँकेचे ॲप आदल्याच रात्री अपडेट झाले होते. ते उघडले, ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ अशी एक ओळ दाखवली आणि बंद झाले. पुन्हा उघडले, तरी तेच. मागे चार माणसे उभी होती. दुकानदार ओळखीचे असल्यामुळे त्यांनी वहीत नाव लिहून औषधे दिली, परंतु ओळखीचे नसते तर वडिलांची रक्तदाबाची गोळी त्या रात्री चुकली असती.

म्हणून हा धागा काढला आहे. अशा प्रणालीला पैसे देणे योग्य आहे असे मला आजही मनापासून वाटते. तिच्यावर विसंबणे योग्य आहे का, याबद्दल आपली मते हवी आहेत.

प्रतिसाद : खराडीतला ॲप तपासनीस

माझे काम पैशांच्या व्यवहारांची ॲप तपासण्याचे आहे, त्यामुळे मी बँकेच्या बाजूने बोलतो आहे हे आधीच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर कोणताही भुर्दंड पडत नाही. तो भुर्दंड बँक सोसते. मग ज्या फोनवर हा व्यवहार होणार त्याची स्थिती काय आहे, हे विचारण्याचा हक्क बँकेला नको का? बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करताना प्रणाली उघडणारा भाग, अनलॉक करून ठेवलेल्या फोनमध्ये कोणी काय घातले आहे, हे बाहेरून कळत नाही. जगातली प्रत्येक प्रणाली स्वतंत्रपणे तपासणे कोणत्याही बँकेला शक्य नसल्यामुळे ती गूगलच्या प्ले इंटिग्रिटीचा, म्हणजे फोन आणि त्यातली प्रणाली अस्सल आहे का हे ॲपला कळवणाऱ्या सेवेचा, निकाल प्रमाण मानते.

दुसरे, पैसे दिले म्हणजे जाब विचारता येतो, हे आपले म्हणणे इतिहासाला धरून नाही. योल्लानेच २०१४ मध्ये टॅब्लेटसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले. त्यांतल्या थोड्याच लोकांना टॅब्लेट मिळाला आणि बाकीचे परताव्याची वाट पाहत राहिले. त्याच वर्षी वनप्लसचा पहिला फोन सायनोजेन कंपनीची, अँड्रॉइडवर बेतलेली प्रणाली घेऊन भारतात आला, परंतु इथले हक्क सायनोजेनने मायक्रोमॅक्सला दिलेले असल्यामुळे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये फोनच्या विक्रीवर मनाई आली. मनाई काही दिवसांतच उठली, पण ग्राहकाची काहीही चूक नसताना त्याच्या फोनच्या अपडेटचे भवितव्य दोन कंपन्यांच्या भांडणात अडकले. २०१६ च्या डिसेंबरअखेरीस तर सायनोजेनमॉड या त्याच घराण्यातल्या फुकट प्रणालीच्या सेवाच बंद झाल्या, आणि त्याची सूचना लोकांना जेमतेम आठवडाभर आधी मिळाली. जाब विचारायला समोर कोणी उरलेच नव्हते.

वडिलांच्या औषधांसाठी ज्या फोनवर अवलंबून राहायचे, तो प्रयोगाचा फोन असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : तापकीर गल्लीतला दुरुस्तीवाला

मी रोज हे फोन उघडतो, त्यामुळे माझा अनुभव लिहितो. २०१४ मध्ये इंटेक्सचा, मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या प्रणालीवर चालणारा फोन १,९९९ रुपयांना आला होता. घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या कितीतरी लोकांनी आयुष्यातला पहिला स्मार्टफोन म्हणून तो घेतला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मोझिलाने फोनमधून अंग काढून घेतले. ते फोन घेऊन लोक माझ्याकडे येत आणि ‘व्हॉट्सॲप टाकून द्या’ म्हणत. काय उत्तर देणार? त्या माणसाला ऑपरेटिंग सिस्टीम हा शब्दही कोणी सांगितलेला नव्हता, पण दोन हजार रुपये त्याचेच गेले.

याची दुसरी बाजूही मी रोज पाहतो. कंपनीने तीन वर्षांत वाऱ्यावर सोडलेला, पण अंगाने धडधाकट असलेला फोन विद्यार्थी घेऊन येतात. त्यात लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली फुकट प्रणाली घातली की तो आणखी दोन-तीन वर्षे सहज चालतो. त्यासाठी त्यांना प्रणालीची दमडीही पडत नाही, फक्त माझी मजुरी द्यावी लागते. मी प्रत्येकाला आधीच सांगतो की आतला सगळा डेटा पुसला जाईल आणि बँकेचे ॲप चालेलच याची खात्री मी देणार नाही. हे ऐकून निम्मे लोक परत जातात आणि मी त्यांना थांबवत नाही.

प्रतिसाद : सिंहगड रस्त्यावरची शिक्षिका

तपासनीसांचा ‘प्रयोगाचा फोन’ हा शब्द मला पटला नाही. बँकेने शंका घ्यावी, परंतु शंकेचे निरसन एकाच परदेशी कंपनीकडून होईल असे ठरवून टाकणे, ही सोयीपोटी केलेली निवड आहे आणि तिला सुरक्षिततेचे नाव देऊ नये. युपीआय आपले आहे, ते २०१६ मध्ये आपल्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने सुरू केले, मग त्याच्या दारावरचा पहारेकरी गूगल का असावा? आयआयटी मद्रासच्या छत्राखाली तयार झालेल्या भारोस या ऑपरेटिंग सिस्टीमची जानेवारी २०२३ मध्ये मोठी चर्चा झाली होती. ज्या संस्थांना गोपनीयता फार महत्त्वाची आहे त्यांच्यासाठी ती असल्याचे तेव्हाच सांगितले गेले. मग सामान्य माणसाने काय करायचे, हा प्रश्न तिथेच राहिला.

प्रतिसाद : कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. तपासनीस साहेब, आपल्या पहिल्या मुद्द्यात एक गोष्ट निसटली आहे. अनलॉक राहिलेल्या बूटलोडरबद्दल आपण लिहिलेत ते लिनिएजसारख्या प्रणालीला बव्हंशी लागू पडते. ग्राफीनओएस घातल्यावर बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो, मी तो केलेला आहे, आणि फोन सुरू होताना प्रत्येक वेळी आतल्या प्रणालीची सही तपासली जाते. ही सही फोनमधल्या चिपकडूनच पडताळून घेण्याची सोय बँकेला उपलब्ध आहे, आणि ती कशी वापरायची हे त्या प्रकल्पाने खुलेपणाने लिहून ठेवले आहे. उलट चार-चार वर्षे एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला कंपनीचा फोन प्ले इंटिग्रिटीच्या नेहमीच्या पातळीवर पास होतो, आणि दर महिन्याला अपडेट घेणारा माझा फोन नापास होतो. मला दुःख याचे आहे.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, आणि तो मान्य करायला सेलफिशचाच अनुभव पुरेसा आहे. माझ्या त्या सोनीवर व्होल्टे, म्हणजे फोरजीवरूनच बोलण्याची सोय, कधीच चालली नाही. जिओला टूजी-थ्रीजीचे जाळे नसल्यामुळे जिओचे सिम त्यात घालून कॉल करता येत नव्हता. एअरटेलवर तो टूजीवरून लागे आणि बोलणे संपेपर्यंत इंटरनेट बंद राही. मी पूर्ण पैसे दिले होते, पत्रेही लिहिली होती. फिनलंडमधल्या त्या छोट्या कंपनीला पुण्यातल्या एका ग्राहकासाठी हे करणे जमण्यासारखे नव्हते आणि त्याबद्दल माझा राग नाही. पण पैसे दिल्याने प्रणाली टिकायला हातभार लागतो, माझ्या हाती हमी येत नाही, एवढे मी आता कबूल करतो.

त्यामुळे माझ्यापुरता निर्णय असा केला आहे. देणगी यंदाही देणार. वडिलांच्या हातात साधा, कंपनीचाच फोन राहील. औषधांचे पैसे द्यायला खिशात रोख ठेवतो आणि *९९# हा क्रमांक फिरवून पैसे पाठवण्याच्या सोयीला खाते जोडून घेतले आहे. ती सोय कोणत्याही फोनवरून, इंटरनेटशिवाय चालते आणि ५,००० रुपयांपर्यंतचे काम भागते. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देणार आहे. मसुदा तयार आहे, विषय लिहिला आहे : ‘पर्यायी ऑपरेटिंग सिस्टीमला मान्यता मिळण्याबाबत’.

प्रतिसाद : खराडीतला ॲप तपासनीस

बूटलोडर पुन्हा लॉक होतो हा मुद्दा मी सरसकट विधान करताना लक्षात घेतला नव्हता, तेवढ्यापुरते माझे म्हणणे मागे घेतो. वडिलांच्या फोनबद्दलचे मत कायम आहे.

अर्जाविषयी एक सुचवतो. विषयातून ‘पर्यायी’ हा शब्द काढा, कारण तो वाचून शाखेतला माणूस अर्ज थेट तक्रार विभागाकडे सरकवेल आणि तिथून ठरावीक उत्तर येईल. ‘लॉक केलेला बूटलोडर आणि चालू महिन्याचे सुरक्षा अपडेट असलेला फोन ॲपने नाकारल्याबाबत’ असे लिहा आणि फोनमधल्या सुरक्षा पॅचच्या तारखेचा स्क्रीनशॉट छापून सोबत जोडा. असा अर्ज माझ्यासारख्या माणसाच्या टेबलावर येतो. पोच घ्यायला विसरू नका.