प्रश्न लाळ किती सुटते एवढाच नाही

सिगारेट ओढताना तोंडाला पाणी सुटतं, मग लाळ कमी कशी होईल, असा प्रश्न कुणी विचारेल. सुटतं खरं, पण ती तेवढ्यापुरती चाळवलेली ग्रंथी. वर्षानुवर्षं ओढणाऱ्या बऱ्याच जणांचं तोंड उलट कोरडं पडतं.

मला जास्त रस आहे तो लाळेत काय उतरतं यात. लाळ ९९ टक्के पाणीच. सगळी करामत उरलेल्या एका टक्क्यात. धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. यकृत त्याला गंधक जोडून थायोसायनेट बनवतं आणि ते लाळेतून बाहेर पडतं. म्हणून ओढणाऱ्यांच्या लाळेत ते न ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडतं. अर्थात कोबी-फ्लॉवर खाऊनही ते थोडं वाढतं, त्यामुळे "मी सोडली" म्हणणाऱ्याची परीक्षा घ्यायला कोटिनिन बरं. ते निकोटिनपासूनच बनतं आणि लाळेत दोन-तीन दिवस तरी सापडतं. (निकोटिनची च्युइंगगम चघळणारा मात्र इथे फुकट पकडला जातो!)

शिवाय धुरातल्या त्याच हायड्रोजन सायनाइडमुळे लाळेतलं पेरॉक्सिडेज हे संरक्षक विकर मंदावतं. नुसतं पाणी पीत राहून ती भरपाई होत नाही.