मदत हवी आहे: चहातून कॅफीन काढताना इमल्शन फुटत नाही

२५ ग्रॅम चहा २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम सोडियम कार्बोनेटसह वीस मिनिटे उकळून, गाळून आणि पूर्ण थंड करून मी तो अर्क सेपरेटिंग फनेलमध्ये (द्रवांचे थर वेगळे करण्याच्या नरसाळ्यात) ३० मिलिलिटर डायक्लोरोमिथेन या द्रावकाबरोबर हलवला. तो जरा जोरातच हलवला गेला, हे मान्य करतो. परिणामी तळाशी सुमारे १२ मिलिलिटर स्वच्छ थर मिळाला आणि त्यावर तपकिरी, दाट इमल्शन (पाणी आणि द्रावक यांचे वेगळे न होणारे मिश्रण) तयार झाले. टॅनिनचे क्षार साबणासारखे वागत असावेत. चहाची बारीक भुकटी वापरली होती, त्याचाही हातभार असू शकतो.

तासभर स्थिर ठेवणे, काचेच्या कांडीने हळू ढवळणे आणि ५ ग्रॅम मीठ घालणे हे उपाय करून झाले. मिठाने थोडाच फरक पडला. सेंट्रिफ्यूज उपलब्ध नाही, निर्वात गाळणीची सोय आहे, आणि द्रावक आता फक्त ६० मिलिलिटर उरला आहे. काम फ्यूम हूडमध्येच चालू आहे.

अशा स्थितीत आणखी मीठ घालावे, की संपूर्ण इमल्शन सेलाइटच्या (गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक सिलिकायुक्त पुडीच्या) थरातून गाळावे, आणि तसे गाळल्यास कॅफीनचा लक्षणीय भाग सेलाइटमध्ये अडकून राहील का?